बगळा आणि बाबांचं बोट

१२ जानेवारी

आज बगळ्यानं बाबांचं बोट ओळखलं. एकदाचं! गेले कित्येक आठवडे हा टोणगा टेबलावरच्या चमच्याला बोट समजत होता आणि बोटाला सावली. आज बाबांनी चहाच्या चित्रावर डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि टेबल बोललं, "मला चहा हवा." बाबा दचकले. पुन्हा टेकवलं. टेबल पुन्हा बोललं. मग काय, माणूस पेटलाच. संध्याकाळपर्यंत मी चहा करून करून थकले आणि ते पिऊन पिऊन.

बगळा म्हणजे आमचं यंत्र. दिसायला टेबललॅम्पसारखं, लांब मान, खाली वाकलेलं डोकं. डोक्यात छोटा प्रोजेक्टर आणि कॅमेरा. कुठल्याही टेबलावर ठेवा, मान वाकवा, की टेबलावर चित्रं पडतात आणि कॅमेरा बोट कुठे टेकलं ते बघतो. ना पडदा, ना बटणं. काम झालं की घडी घालून पिशवीत. बनवला मी आणि प्रोफेसरनं. प्रोफेसर म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. शिकवत कुठेच नाही, पण कशालाही "याचा जरा अभ्यास करायला हवा" म्हणतो, म्हणून ते नाव. दोघांनी नोकऱ्या सोडल्या. लोक म्हणाले, वेड लागलंय. लागलंय तर लागलंय.

बाबा आयुष्यभर बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की चौथ्या गल्लीतलं पोर झोपेतून उठावं. झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका सकाळीत गेलं. उरलं फक्त "एकवार, दोनवार". भूक लागली, एकवार. राग आला, दोनवार. "तीनवार" काही येत नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मभर घोकलेलं तेवढंच जिभेला पाठ राहतं. समोरचं सगळं त्यांना कळतं, सांगता मात्र येत नाही.

इस्पितळ माझ्या घराजवळ, म्हणून ते माझ्याकडे. आई दादाकडे. तिचे गुडघे गेलेत आणि मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तर मुलगी असून बाप सांभाळते आहे. हे इथे लिहून ठेवते, कारण बाकी कोणी लिहिणार नाही.

१६ जानेवारी

डोकं फिरलंय. बाबा उजवीकडच्या चित्रांना हातच लावत नाहीत. डावीकडचा चहा बरोब्बर सापडतो. उजवीकडचं "दुखतंय" आणि "संडास" मात्र दिसत नाही म्हणे. मी ओरडले, "अहो बाबा, नाकासमोर आहे!" तर माझ्याकडे बघून "एकवार". जेवतानाही तेच. ताटाचा डावा अर्धा लख्ख आणि उजवा अर्धा जसाच्या तसा. मला वाटलं, लाड होतायत म्हणून माज चढलाय.

व्यायाम करून घ्यायला बाई येतात, त्यांनी शेवटी उलगडा केला. "त्यांना उजवी बाजू दिसतच नाही हो. डोळे ठणठणीत आहेत. मेंदूनं तेवढा तुकडा सोडून दिलाय. तिथे काळोखही नाही, काहीच नाही. म्हणून तर ते शोधायलाही जात नाहीत. मान वळवायची सवय लावा, हळूहळू जमेल."

प्रोफेसरचे डोळे लगेच चमकले. "टेबलच शिकवेल त्यांना! चित्र रोज बोटभर उजवीकडे सरकवत न्यायचं. याचा अभ्यास—"

"तुझ्या अभ्यासाला महिने लागतील," मी म्हटलं. "वीस फेब्रुवारीला निवासवाल्यांकडे जायचंय, त्यांना काय तुझा अभ्यास दाखवू?"

सगळी चित्रं डावीकडे घेतली. बाबांनी एकामागून एक सगळी दाबली. साध्या गोष्टीचा बाऊ करायचा आणि मग त्याला संशोधन म्हणायचं!

१७ जानेवारी

निवासवाल्या म्हणजे कोण ते लिहायचं राहिलं. म्हाताऱ्या माणसांची मोठी निवासं चालवणारी संस्था आहे, गावोगावी शाखा. तिथल्या मॅनेजरबाईंना बगळा आवडला तर त्यांच्या प्रत्येक जेवणाच्या टेबलावर एकेक जाईल. नाही आवडला तर आम्ही दोघं पुन्हा नोकरीच्या दारात, टोपी हातात घेऊन. आणि बाबांच्या बोटाशिवाय दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. प्रोफेसरनं बोट दाबून दाखवलं तर कुत्रंसुद्धा बघणार नाही.

२५ जानेवारी

या प्रोफेसरला चांगुलपणाचे झटके येतात. मला न विचारता त्यानं टेबलावर आईचा फोटो टाकला. फोटोवर बोट ठेवलं की आईला फोन लागतो.

झालं! बाबांना दुसरं काही दिसेना. चहा नको, पाणी नको. सकाळी उठल्यापासून आई. ती पलीकडून रोज तेच म्हणते, "काय हो, जेवलात का?" हे म्हणतात, "एकवार, दोनवार." ती हसते आणि म्हणते, "तीनवार." मग दोघं नुसते फोन धरून बसतात. काय बोलतात कोणास ठाऊक. आईला विचारलं तर म्हणाली, "बोलायचं कशाला? श्वास ऐकू येतो की."

गोड आहे, नाही म्हणत नाही. पण मॅनेजरबाईंना माणूस आपल्या गरजा सांगतो आहे हे दाखवायचंय. दिवसभर बायकोला फोन ही काही गरज नव्हे. "दुखतंय" तर त्यांनी दोन दिवस दाबलेलंच नाही. दुखत असणारच ना कुठेतरी!

२८ जानेवारी

आईचा फोटो उजवीकडे सरकवला. काढून टाकला नाही, मी काही राक्षसीण नव्हे. टेबलावरच आहे, फक्त उजवीकडे.

बाबांनी पूर्वीच्या जागेवर बराच वेळ बोट घासलं. टेबलाखाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चहा हवाय का?"

३० जानेवारी

शोधणं थांबलं. चहा, पाणी, संडास, टीव्ही, सगळं मस्त दाबतायत. माणूस सवयीचा गुलाम असतो तो असा.

आईचा फोन आला. "हल्ली त्यांचा फोन येत नाही गं."

"व्यायामात दमतात. झोपलेत आत्ता."

"उठले की सांग मी केला होता."

बाबा समोरच बसले होते. पण फोन त्यांच्याकडे दिला असता तर मॅनेजरबाईंना दाखवायची दिवसभराची नोंद बिघडली असती.

२ फेब्रुवारी

दादाचा फोन. साहेबांनी तळमजल्यावर घर घेतलं, पायरी एकही नाही. "आता बाबांना इकडे घेऊन येतो. आईनं जेवणखाण सोडल्यात जमा आहे. रविवारी येतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. इस्पितळाच्या बाकड्यावर रात्रंदिवस कोण बसलं? चादरी कोणी धुतल्या? तेव्हा हा नुसता फोनवर "काही लागलं तर सांग" म्हणायचा. आता माणूस जरा बसता-बोलता झाला तर आयत्या बिळावर नागोबा! आणि नेमकं वीस तारखेच्या आधी.

मी शांतपणे म्हटलं, "बाबा काही पेटारा नव्हेत, उचलला आणि नेला. त्यांना विचारूया."

"त्यांना बोलता कुठे येतं?"

"टेबलावर येतं. तेच तर मी एवढे दिवस करते आहे, तू विचारलंस का कधी?"

तो ओशाळला. आई मागून बोलल्याचं ऐकू आलं. "ते म्हणतील तसंच करायचं. ओढून आणायचं नाही त्यांना." मला आईचा हा स्वभाव आवडतो. मानी आहे ती.

८ फेब्रुवारी

आले आणि गेले.

आई तीन मजले चढली. दादा तिच्यामागे प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन. दर वळणावर स्टूल मांडायचा, ती बसायची, दम खायची, की पुन्हा वर. इस्त्रीचे कपडे, केस नीट विंचरलेले. दारातून आत आली ती बाबांच्या उजव्या अंगानं, त्यामुळे त्यांना पत्ता नाही. मग ती म्हणाली, "काय हो, जेवलात का?" आणि बाबांनी सबंध मान वळवली! व्यायामवाल्या बाई इतके दिवस डोकं फोडतायत त्यासाठी. मग रडले. तिच्या मनगटाला धरून हमसाहमशी रडले. दादानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे, झालं ना, कळलं ना?

मी म्हटलं, "ते हल्ली साबणाची जाहिरात बघूनही रडतात. डॉक्टरांना विचार. रडण्यावरून काही ठरत नाही." आणि ते खरंच आहे.

टेबल लावलं. आईची खुर्ची बाबांच्या उजवीकडे, खिडकीशी ठेवली. दुसरीकडे ठेवली असती तर तिची सावली कॅमेऱ्याच्या आड आली असती. चित्रं दोनच. माझ्या घराच्या दाराचा फोटो आणि आईचा फोटो. दोन चित्रं म्हटल्यावर एक डावीकडे आणि एक उजवीकडे येणारच. आई उजवीकडे बसली होती, म्हणून तिचा फोटोही तिच्यासमोर. यात वावगं काय?

"बाबा, कुठे राहायचं?"

आईनं श्वास धरला होता. बाबांचा हात टेबलावरून फिरला, पुन्हा फिरला. काही हरवलं की आपण खिसे चाचपतो तसा. माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. बोट पुढे सरकत सरकत दाराच्या फोटोवर आलं आणि थांबलं. टेबल म्हणालं, "मला इथे राहायचं आहे."

"पुन्हा विचार," दादा म्हणाला. 

पुन्हा विचारलं. पुन्हा दार. टेबलावर एकच गोष्ट असल्यासारखे ते तिच्यावरच बोट ठेवून होते आणि आमच्याकडे बघून ओशाळं हसत होते. मग म्हणाले, "एकवार... दोनवार..."

उजवीकडून आई म्हणाली, "तीनवार."

आणि उठली. दादा काहीतरी बोलायला लागला तर त्याला म्हणाली, "त्यांनी जन्मात मनाविरुद्ध काही केलं नाही. लेकीकडे जीव रमलाय त्यांचा. बरंच आहे की." मला म्हणाली, "पायाला तेल लावत जा त्यांच्या. सांगत नाहीत ते, पण दुखतात." त्यांना हात लावायलाही गेली नाही.

उतरताना पहिल्याच वळणावर ती कितीतरी वेळ स्टुलावर बसली होती. मी चहा नेऊन दिला. घेतला नाही.

९ फेब्रुवारी

प्रोफेसर सकाळी आला तो तोंड पाडून. काल कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता.

"फोटो उजवीकडे का ठेवलास?"

"दोन बाजू असतात टेबलाला. कुठेतरी ठेवायचाच होता."

"त्यांनी तो बघितलाच नाही गं."

"तुला कसं ठाऊक? तू त्यांच्या डोक्यात बसला होतास?" मग मीही सोडलं नाही. "बरं, सांग दादाला. बाबा उद्या जातील. वीस तारखेला मॅनेजरबाईंना तू आणि मी चहा पिऊन दाखवू."

मान खाली घालून बगळा पुसायला लागला. बगळ्यावर त्याचंही नाव आहे ना! उंटावरून शेळ्या हाकायला सगळे पुढे.

१३ फेब्रुवारी

आता नवीन नाटक. बाबा टेबलाला शिवतच नाहीत. डावा हात मांडीखाली घालून बसतात. चहा समोर नेला की पितात, पण चित्र दाबायचं म्हटलं की नाही. रविवारपासून "एकवार"सुद्धा म्हटलेलं नाही. मी समजावलं, रागावले, एकदा हात धरून चित्रावर टेकवला, तर मूठच वळली.

आठवड्यावर आलंय सगळं. मला जेवण जात नाही. हट्टीपणा कुठून आला माझ्यात, असं आई विचारायची. हा इथून.

१४ फेब्रुवारी

मॅनेजरबाईंचा फोन. त्यांना एक जास्तीची गोष्ट हवी. रोज संध्याकाळी टेबलानं विचारायचं, "इथे बरं वाटतं का?" त्यांच्या वरच्या कचेरीला उत्तरं लागतात. चित्र त्यांनीच पाठवलं. एक घर, त्याला डोळे आणि हसरं तोंड.

आणि तेवढ्यात डोक्यात दिवा पेटला! आईचा फोटो. तो असाच फुकट ठेवायचा कशाला? बाबांनी हसऱ्या घरावर बोट ठेवलं, की डावीकडे आईचा फोटो येईल आणि तिचा आवाज. फोनवरचा आवाज बगळ्यानं साठवलेला आहेच, "काय हो, जेवलात का?" आईला त्रास नाही, फोनची भानगड नाही. पाखराला दाणे टाकावे तसं.

१५ फेब्रुवारी

जमलं! एकदाच हात धरून घर दाबायला लावलं. फोटो आला, आवाज आला. बाबा पुतळ्यासारखे झाले. फोटो थोडा वेळ राहतो आणि जातो. गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसऱ्या घराकडे बोट केलं. त्यांनी मांडीखालचा हात काढला.

संध्याकाळपर्यंत हसरं घर दाबून दाबून टेबल घसा बसेल असं बोललं. "मला इथे बरं वाटतं. मला इथे बरं वाटतं." शेजारीण डोकावून म्हणाली, "नशीब काढलं हो तुमच्या बाबांनी."

प्रोफेसरला हे बक्षिसाचं सांगितलं नाही. अभ्यास करत बसेल.

२० फेब्रुवारी

जिंकलो!

बगळा पिशवीत, बाबा चाकाच्या खुर्चीत, असे निवासावर गेलो. प्रोफेसरला नेलं नाही, तिथेही अभ्यास काढत बसला असता. त्यांच्या जेवणघरातलं टेबल पांढरं आणि गुळगुळीत. मान वाकवली, चित्रं उमटली. बाबांनी पाणी मागितलं, टीव्ही मागितला, आणि शेवटी बाईंनी स्वतः विचारलं, "आजोबा, इथे बरं वाटतं का?" त्यांचं बोट असं झेपावलं घरावर! बाईंच्या डोळ्यांत पाणी. आईचा फोटो आल्यावर तर त्या म्हणाल्या, "किती मायेनं केलंय हो तुम्ही."

त्यांनी बगळा ठेवून घेतला. आणि बाबांनाही. म्हणजे बाकीच्यांनी त्यांचं बघून शिकावं म्हणून, थोडे महिने. खोली छान आहे, व्यायामाची सोय आहे, डॉक्टर दारात. मी लगेच हो म्हटलं. माझ्या घरात तरी काय आहे? तीन मजले आणि मी.

दादाला अजून कळवलं नाही. ओरडेल उगाच.

६ मार्च

निवासात बाबा म्हणजे हिरो. म्हातारी मंडळी त्यांच्याभोवती खुर्च्या घेऊन बसतात. ते हसरं घर दाबतात, टेबल बोलतं, मग आई बोलते, मग एक आजी रोज विचारते, "ही तुमची मंडळी का? आहेत का?" बाबा म्हणतात, "एकवार." बोलायला लागले पुन्हा, बघा.

माझ्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. मी गेले तरी नजर टेबलावर.

१२ मार्च

प्रोफेसरनं केसानं गळा कापला. दादाला सगळं सांगून आला. उजवी बाजू, फोटो, निवास, सगळं. वर मलाच फोन करून म्हणतो, "मला झोप येत नव्हती." त्याच्या झोपेसाठी माझं वाटोळं!

दादा फोनवर काय काय बोलला ते लिहीत नाही. शब्द मोठे होते. मीही काही कमी बोलले नाही. रविवारी येतायत बाबांना घेऊन जायला.

मॅनेजरबाईंना सांगितलं तर त्या थंडपणे म्हणाल्या, "आमचा नियम आहे. माणूस स्वतःच्या इच्छेनं आला, तर जाईलही स्वतःच्या इच्छेनं. टेबलावर विचारू. हो म्हणाले, तर आम्ही कोण अडवणार?"

आणि आईनंही तेच धरलंय, असं दादाच्या बोलण्यातून कळलं. "या वेळी त्यांना नीट दिसू दे. त्यांनी म्हणू दे. मगच."

 बाबा गेले तर बगळा जाईल. बाई काही म्हणोत, नुसतं यंत्र त्या ठेवून घेणार नाहीत.

१५ मार्च

आज मी काहीही केलं नाही. हे मी शपथेवर लिहिते.

सगळं प्रोफेसरनं मांडलं. माझ्याकडे न बघता. दोन्ही चित्रं डावीकडे, एकाखाली एक. वर निवासाचं हसरं घर, खाली प्रवासाची पिशवी. घर म्हणजे इथे राहायचं, पिशवी म्हणजे घरी जायचं. बाबांना पिशवी दिसते आहे का, हे त्यानं आधी बोटानं दाखवून घेतलं. दिसत होती. आईची खुर्चीसुद्धा त्यानं डाव्या बाजूला ठेवली, बाबांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी. मी एका शब्दानं अडवलं नाही. उलट बक्षीसही बंद करून टाकलं. चाचणी म्हणजे चाचणी. आईचा फोटो मध्येच आला असता तर उद्या दादा म्हणाला असता, मी लाच दिली.

आईला बघितल्यावर बाबांचं काय झालं ते सांगता येत नाही. रडले नाहीत. तोंड उघडं पडलं. मग तिची बोटं हातात घेतली आणि सोडेचनात. "एकवार, एकवार, एकवार."

आई म्हणाली, "काय हो, जेवलात का?"

त्याबरोबर त्यांनी झटकन टेबलाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा टेबलाकडे. आणि हसले. लिलावात कधी नव्हे तो भाव मिळाला की हसायचे तसं.

दादा मुठी आवळून उभा होता. मॅनेजरबाईंनी विचारायला सुरुवात केली. "आजोबा, इथे राहायचं, की घरी—"

त्यांचं वाक्यसुद्धा पुरं झालं नाही. बाबांनी आईची बोटं सोडली आणि आपलं बोट खाडकन हसऱ्या घरावर ठेवलं. टेबल म्हणालं, "मला इथे बरं वाटतं."

बाबांनी आईकडे बघितलं. चेहरा नुसता फुललेला. पुन्हा घर दाबलं आणि तिच्या छातीकडे बोट केलं. पुन्हा घर, पुन्हा आई. लहान मुलाला जादू दाखवावी तसं, हे बघ, असं दाबलं की असं होतं.

"बाबा, नीट बघा, खाली पिशवी आहे," दादा ओरडला. "पिशवी! घरी जायचं! आईबरोबर!" त्यानं त्यांचं मनगट धरून पिशवीकडे न्यायचा प्रयत्न केला. बाबांनी हिसडा मारून हात सोडवला आणि तो घरावर आपटला. "मला इथे बरं वाटतं."

"पुरे," आई म्हणाली. "मला समजावून सांगतायत ते. माणसानं एकच गोष्ट किती वेळा सांगायची?"

"आई, थांब जरा—"

"मागच्या वेळी दिसलं नव्हतं म्हणालास. आता दिसलं ना? चल मला घेऊन."

तिनं बाबांच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि उठली. बाबा अजून हसत होते. ती दाराशी पोचली तेव्हा हसू गेलं आणि ते घर दाबायला लागले. भराभर. दाबायचे आणि दाराकडे बघायचे. दाबायचे आणि दाराकडे बघायचे. "मला इथे बरं वाटतं. मला इथे बरं वाटतं." आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि बाहेर गेली. दादा तिच्यामागे.

प्रोफेसर टेबलाकडे बघत राहिला होता. तोंडावर रंग नव्हता. "हे दाबलं की आधी काय यायचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. आज तर काहीच येत नव्हतं.

तोही गेला. जाऊ दे. आता कोणी म्हणून दाखवावं, की मी माझ्या बापाला डांबून ठेवलं. उजवीकडे काही नव्हतं, फोटो नव्हता, मी तोंड उघडलं नव्हतं. माणसानं स्वतःच्या बोटानं, सगळ्यांदेखत सांगितलं. मला खरं तर बाबांचा अभिमान वाटला.

पण ते दाबायचे थांबेनात. बोटाचं नख फाटलं, पांढऱ्या टेबलावर रक्ताचे ठिपके पडले आणि बगळा ठिपक्यांनाच बोट समजायला लागला. "दोनवार, दोनवार," करत ते गळा फोडून ओरडत होते. त्यांचा तो जुना बाजारातला आवाज, अगदी तसाच. बाकीचे म्हातारे घाबरून उठले. बाई म्हणाल्या, "शांत करा हो त्यांना, बरं दिसत नाही."

मी बक्षीस चालू केलं. पुढच्या दाबण्याबरोबर आईचा फोटो आला, तो थेट त्यांच्या हाताच्या पाठीवरच पडला. "काय हो, जेवलात का?" ते गप्प झाले. हात न हलवता, हातावरच्या आईकडे बघत बसले. फोटो गेला की पुन्हा घर दाबतात, तो पुन्हा येतो. मॅनेजरबाई म्हणाल्या की त्यांनी असं काम करणारं यंत्र आजवर बघितलं नाही.

आई बाहेर लिफ्टची वाट बघत अजून उभी होती. तिचाच आवाज उगाच तिच्यापर्यंत गेला असता, म्हणून मी जाऊन दार लावून घेतलं.